भिंतीनं परत दिलेला नारळ

जळकोटचे बिराजदार सर. आधी नाव सांगून टाकते, कारण मी गोष्ट सांगायला लागले की घाबरून भलतीकडंच वळते आणि ज्याचे उपकार त्याचंच नाव राहून जातं. आज मी या दवाखान्यात किरणांच्या खोलीबाहेर स्टुलावर बसून पेशंटची नावं पुकारते. पाठ भिंतीला टेकवून बसते, आणि ती टेकवताना मला भीती वाटत नाही, ते बिराजदार सरांमुळं. मला भीती न वाटणं ही काय चीज आहे ते माझ्या माहेरी विचारा. मांजर आडवं गेलं म्हणून लोक थांबतात. मी मांजर आडवं जाईल म्हणून घरीच थांबणारी बाई.

माझं गाव वेंगुर्ल्याकडचं. आठवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. नवरा काँक्रीटच्या मिक्सरची गाडी चालवतो, त्यामुळं जिथं काम तिथं बिऱ्हाड. असं फिरत फिरत आम्ही नळदुर्गच्या अलीकडं, हायवेला लागून असलेल्या या ट्रस्टच्या दवाखान्यात येऊन पोचलो. इथं कॅन्सरच्या पेशंटना किरणं देण्याचं मशीन येणार होतं. त्याआधी मशीनसाठी खोली बांधायची होती, आणि खोली म्हणजे जवळजवळ किल्लाच. नळदुर्गचा किल्ला बाहेरच्यांना आत येऊ देत नव्हता. आमच्या खोलीनं आतल्या किरणांना बाहेर जाऊ द्यायचं नव्हतं.

अडचण अशी की जागा अरुंद. तीन बाजूंना साध्या काँक्रीटच्या हव्या तेवढ्या जाड भिंती बसत होत्या. चौथ्या बाजूला बायकांची बसायची जागा यायची होती. तिथं तेवढीच जाड भिंत घेतली असती, तर बायकांना भिंतीवरच बसवावं लागलं असतं. म्हणून ती एक भिंत पातळ पण भारी करायची ठरली. साधी खडी काढून तिच्या जागी आंध्रातून आणलेला जड दगड घालायचा. आणि हे जमवून देण्यासाठी ट्रस्टनं बिराजदार सरांना बोलावलं. सर सोलापूरकडं कुठंतरी डिप्लोमाच्या पोरांना बांधकाम शिकवून रिटायर झाले होते. रिटायर झाल्याचं त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं.

मी तपासणीच्या शेडमध्ये कामाला होते. काँक्रीटचे ठोकळे पाडायचे, साचे धुवायचे, वजन करायचं. पहिल्याच दिवशी एक बुटका, गोल चष्म्याचा माणूस शेडमध्ये आला. गळ्यात टॉवेल, खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीच्या वजनानं डावा खांदा एवढा उतरलेला की माणूस नसून कलता फोटो वाटावा. नाव न विचारता म्हणाले, "हात पुढं करा बाई. दोन्ही."

मी केले. त्यांनी एका हातात काळी खडी ठेवली, दुसऱ्या हातात तेवढाच पांढुरका दगड. माझा दुसरा हात खाली गेला.

"कळलं?"

"जड आहे."

"बराइट. हाच आपला पैलवान. बाकीचं सगळं कापूस."

हा प्रयोग ते येईल त्याच्यावर करायचे. डॉक्टर, ट्रस्टी, डबेवाली मावशी, वायरमन, कुणी सुटायचं नाही. समोरच्याचा हात खाली गेला की सरांचा चेहरा असा उजळायचा, जणू तो दगड त्यांनीच जन्माला घातलाय. एकदा एक पुढारी भेट द्यायला आले. सरांनी त्यांच्या हातात दोन्ही दगड दिले. पुढाऱ्यांनी बघितलंही नाही, दोन्ही तसेच मागच्या माणसाकडं सरकवले आणि फोटोसाठी हात जोडले. सर माझ्या कानाशी म्हणाले, "त्यांचं बी बरोबर हाय. जन्मात कधी वजन स्वतः उचललं तर हाताला फरक कळणार."

गाव विचारलं तेव्हापासून मला ते 'कोकण' म्हणायचे. "काय वो कोकण, आज ठोकळे रडतायत, गोणपाट वलं केलं न्हाय का?" मीही घाबरत घाबरत उत्तर द्यायचे. घाबरटपणाचं त्यांना फार कौतुक. म्हणायचे, "या कामाला घाबरट माणूसच पायजे. शूर माणसानं बांधलेल्या खोलीत मी मशीन लावणार न्हाय."

सरांचं खरं वैर पाण्याशी. काँक्रीट घट्ट असलं की ते ओतताना गाडीवाल्यांचे हाल होतात. मग कुणाचं लक्ष नाही असं बघून ते हळूच पाइप सोडतात. सरांनी पहिल्याच आठवड्यात आपली खुर्ची उचलली आणि नळाजवळ मांडली. चहा तिथंच, पेपर तिथंच. म्हणायचे, "पाणी मागतंय ते काँक्रीट आळशी, आणि घालतोय तो त्याच्याहून आळशी. पाणी नंतर उडून जातं आणि आपली जागा मोकळी ठेवून जातं. त्या मोकळ्या जागेचं मी काय करू? भाड्यानं देऊ?"

माझा नवराही एकदा पाइपसकट सापडला. मला वाटलं, गेली नोकरी. सर त्याला काही बोलले नाहीत, माझ्याकडं वळून म्हणाले, "कोकणातला माणूस. पाणी दिसल्याबिगर करमत न्हाय त्याला." मग विचारलं, "समुद्र खरंच एवढा असतो का वो? टीव्हीवर दावतात तेवढा?"

"त्याच्याहून मोठा. तुम्ही बघितला नाही?"

"कधी जमलंच न्हाय. आणि बघून बी मला झोप लागायची न्हाय. एवढं पाणी, आणि नळ कुणाच्या ताब्यात न्हाय."

दुपारच्या जेवणात सरांची कडक ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. जेवण झालं की शेडच्या कोपऱ्यात खुर्चीवर ताठ बसायचे, ओला टॉवेल तोंडावर टाकायचे आणि म्हणायचे, "मी क्युरिंगला बसलोय. कुणी हलवू नका, तडा जाईल." पाच मिनिटांत घोरणं सुरू. क्युरिंग म्हणजे काँक्रीट ओलं ठेवून मुरवणं; आमच्या ठोकळ्यांवर त्यासाठी जसं ओलं गोणपाट असायचं तसंच त्यांच्यावर टॉवेल. एकदा मी सवयीनं त्या टॉवेलवरही पाणी शिंपडलं. आतून आवाज आला, "नळाचं का टँकरचं?"

एवढा हुशार माणूस, पण दवाखान्याला घाबरायचा. बांधकाम दवाखान्याच्या आवारात, तरी सर इमारतीच्या दारातून कधी आत गेले नाहीत. बाहेरून वळसा घालून यायचे. एकदा एक सिस्टर सगळ्यांचं ब्लडप्रेशर मोजायला शेडमध्ये आल्या. सर क्युरिंगला बसलेले. सिस्टरनी दंडाला पट्टा गुंडाळला आणि फुगवला, तसे सर टॉवेलखालून ओरडले, "साकु! साकु!"

साकु म्हणजे कानडीत पुरे. सरांच्या घरात कानडी, आणि हा शब्द आमच्या साइटवर सगळ्यांना पाठ झाला होता. तो कशामुळं, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

खरी भिंत घालायच्या आधी सरांनी मागच्या मोकळ्या जागेत एक नमुन्याची छोटी भिंत घालून घेतली होती. शिवराम मिस्त्रींनी ती घातली. मिस्त्री मूळचे सास्तूरचे, आमच्या गँगचे प्रमुख, हाताला यश असलेला माणूस. ओतलेल्या काँक्रीटमध्ये व्हायब्रेटरची सोंड घालून ते हलवायचं असतं, म्हणजे आतली हवा निघून जाते. मिस्त्रींनी मन लावून हलवलं, चांगलं हलवलं, जरा जास्तच हलवलं. भिंत बाहेरून आरशासारखी. मग सरांनी ती कापायला लावली. आत बघतो तर जड दगड सगळा तळाशी आणि वर नुसती सिमेंटची पेज.

सरांनी मिस्त्रींना जवळ बोलावलं. "मिस्त्री, खिचडीत डाळ खाली बसली की घरी काय म्हणता?"

"काय म्हणनार सर. खातो गप."

"ही खाता येणार न्हाय. वरच्या निम्म्या भिंतीतून किरणं टाळ्या वाजवत भायेर येतील."

मग पुढचे कितीतरी दिवस सर, मिस्त्री आणि मी, आमचा एकच उद्योग. दगड मोठा नको, बारीक-मध्यम मिसळा. थोडी लोखंडी खनिजाची भुकटी घाला, म्हणजे मधल्या फटी भरतील. मिक्सर अर्धाच भरा, नाहीतर वजनानं गाडी बसेल. पाण्याच्या जागी बर्फ टाका, म्हणजे भिंत आतून तापणार नाही. पातळ पातळ थर घ्या, आणि प्रत्येक थराला व्हायब्रेटर अगदी थोडा. किती थोडा? तर सर म्हणतील तेवढा. सोंड आत गेली की सर मान तिरकी करून ऐकत बसायचे आणि अचानक म्हणायचे, "साकु." म्हटलं की सोंड बाहेर. आपली आई पोळीवर तूप वाढते तसं नव्हे. खाणावळवाला वाढतो तसं. दुसरा नमुना कापला तेव्हा दगड तळापासून वरपर्यंत सारखा पसरलेला निघाला, आणि सरांनी मिस्त्रींच्या पाठीवर अशी थाप मारली की मिस्त्री खोकले.

एक दिवस मी त्यांना विचारलंच, की भिंत एवढी जड कशाला लागते, किरण तर दिसतही नाही.

"नळदुर्गच्या बाजारात आठवड्याच्या दिवशी पळत जाऊन बगा," सर म्हणाले. "दोन माणसं आडवी आली तर तुमी पळाल. गच्च गर्दी असली की धक्के खात खात तुमचं पळणं मोडणार, आणि शेवटी तुमी भजी खात हुबं राहणार. किरणाचं तसंच. दगड जेवढा जड तेवढी गर्दी गच्च."

"आणि मध्येच मोकळी गल्ली मिळाली तर?"

"मग तुमी पोचलाच की पलीकडं," सर म्हणाले. "म्हणून तर मी नळापाशी बसतो."

भिंत घालायच्या दिवशी सकाळी पूजा होती. माझ्या भावानं गावाहून नारळ पाठवले होते, त्यातले दोन मी पूजेला दिले. एक फोडला. दुसरा शेवटी फोडून गुळाबरोबर सगळ्यांना वाटायचा होता. काम सुरू झालं. गाड्या यायला लागल्या, बर्फ फुटायला लागला, मिस्त्रींची माणसं वर फळ्यांवर चढली. ही भिंत एकदा सुरू केली की मध्ये थांबायचं नाही, हे सगळ्यांना पाठ होतं. थांबलं तर खालचा थर आवळतो आणि नव्या-जुन्याच्या मध्ये फट राहते.

पहिला थर पडला. मी ठोकळे भरून घेत होते, तेवढ्यात शिवराम मिस्त्री जवळ आले. चेहरा लग्नघरातल्यासारखा.

"ताई, एक सांगतो, कुनाला बोलू नगा," ते हळूच म्हणाले. "तुमचा नारळ म्या भिंतीच्या पोटात ठिवला बगा. लाल फडक्यात बांधून, मधल्या गजाला गाठ मारून. कोकनचा नारळ, साधा न्हाय. आता ही भिंत हलत न्हाय."

मिस्त्रींना मी ओळखत होते. सास्तूरला भूकंपात त्यांचं घर पडलं तेव्हा ते लहान होते. गाव नव्यानं उभं राहिलं, मिस्त्री मोठे झाले, त्यांनी शेकडो भिंती घातल्या, पण एकाही भिंतीवर त्यांचा आपसूक भरवसा बसला नाही. प्रत्येक भिंतीला ते काहीतरी द्यायचे. कधी सुपारी, कधी तांब्याचा पैसा. या भिंतीला नारळ, कारण ही भिंत मोठी, आणि नारळ माझा. त्यांनी मला मान दिला होता.

आणि नारळ म्हणजे पोकळ. गच्च बाजारातली मोकळी गल्ली.

सांगावं तर मिस्त्रींनी विश्वासानं सांगितलेलं मी फोडलं असं होणार. त्यांची सगळी माणसं त्यांच्या गावाकडची, मी एकटी परमुलखातली. उद्यापासून शेडमध्ये मला कुणी चहाला विचारणार नाही, नवऱ्याच्या गाडीला कुणी हात लावणार नाही. न सांगावं तर भिंतीपलीकडं बाया बसणार. डोक्याला रुमाल बांधलेल्या, डबा मांडीवर घेऊन, आपला नंबर कधी येतो बघत. त्यांना कोण सांगणार की बाई, तुम्ही बसलाय तिथं आत एक नारळ आहे?

हातातला ठोकळा अर्धाच भरला होता. तो तसाच ठेवून मी उठले आणि नळाकडं गेले.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सोललेला का शेंडीचा?"

"सोललेला. शेंडी ठेवून."

"आत पाणी व्हतं?"

"हलवून बघितलं होतं. होतं."

"म्हणजे निम्मा नारळ आपल्या बाजूचा," सर म्हणाले. "पाणी एका जातीच्या किरणाला अडवतं बी. पण ते वाळणार." मग आपल्याशीच म्हणाल्यासारखं, "एवढ्या भिंतीत एवढा नारळ. कदाचित काय होणार बी न्हाय. पर कदाचितला मी भिंत म्हणत न्हाय."

"मिस्त्रींना काही बोलू नका सर. त्यांनी चांगल्या मनानं..."

"तुमी हे कुणाला सांगितलं?"

"तुम्हालाच."

"मग कुणालाच सांगितलं न्हाय," सर म्हणाले आणि खुर्चीवरून उठले. नळ सोडून सर उठले हे बघून दोन ड्रायव्हर दचकले. जाता जाता त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं नारळ कसा काढतात?"

"वर चढून. नाहीतर काठीला कोयता बांधून."

"काठी बरी. मला चढवत न्हाय, आणि हा तर खाली हाय."

लांब बांबूला विळा बांधून सर फळ्यांवर चढले. कुणाला नवल वाटलं नाही. सर काय करतील याचा नेम नसे. आदल्या आठवड्यात त्यांनी गाडीच्या पोटाला स्टेथोस्कोपसारखा पाइप लावून ऐकलं होतं. "दगड खाली बसतोय का बगतो," म्हणाले आणि बांबू गजांच्या मधून आत घातला. मी ठोकळ्याचा साचा घेऊन वर गेले आणि मिस्त्रींनी सांगितलेल्या गजासमोर उभी राहिले. तोंडानं काही बोलले नाही. सरांनी माझ्याकडं बघितलंही नाही. बांबू आत चाचपडत फिरला, कुठंतरी अडला, सरांनी एक हिसका दिला. परत एक. मग बांबू वर काढून फळीवर ठेवला, विळ्यावर आपला टॉवेल टाकला आणि म्हणाले, "व्हायब्रेटर आणा."

सोंड आत गेली. व्हायब्रेटरवाला नेहमीसारखा सरांच्या तोंडाकडं बघत होता, 'साकु'ची वाट बघत. सर गप्प. व्हायब्रेटरवाल्यानं मिस्त्रींकडं बघितलं, मिस्त्रींनी सरांकडं.

"सर, आज लई वेळ?"

"आज सण हाय. हलवा."

ज्या माणसानं महिनाभर आम्हाला व्हायब्रेटर तुपासारखा मोजून दिला, तो स्वतःच वाटी उपडी करत होता. सरांच्या कपाळावर घाम आला होता, आणि तो उन्हाचा नव्हता. आत दगड खाली बसत असणार हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मी मनात वेतोबाला हाक मारली. आमचा देव केळ्यांच्या घडावर आणि चपलांवर खूश होतो, नारळाच्या बाबतीत त्याचं काय म्हणणं असतं ते मला माहीत नव्हतं.

मग काँक्रीटच्या मधोमध एक फुगवटा आला. हळूहळू करड्या चिखलातून एक गुळगुळीत टक्कल वर आलं. विहिरीत बुडी मारलेला म्हातारा निवांत वर येतो तसं. शेवटी शेंडी दिसली. जड दगड खाली बसला होता, हलका नारळ वर आला होता.

"साकु," सर म्हणाले.

व्हायब्रेटर थांबला. कुणीतरी हळूच "आयला" म्हणालं. मिस्त्रींचा चेहरा पांढरा पडला होता. भिंतीला दिलेलं भिंतीनं बाहेर टाकलं, याचा अर्थ त्या माणसांत काय होतो ते त्यांच्या थांबलेल्या हातांवरून मला कळलं. एकानं तर घमेलं खाली ठेवलं.

सरांनी वाकून नारळ उचलला. सदऱ्याच्या टोकानं पुसला, कपाळाला लावला आणि मिस्त्रींपुढं धरला. "मिस्त्री, देवळात नारळ दिला तर पुजारी किती परत देतो?"

मिस्त्री चाचरत म्हणाले, "निम्मा."

"हिनं अख्खा दिला. मोठ्या मनाची भिंत हाय तुमची."

"पर सर, तिच्या पोटात काय ऱ्हायलं मग?"

"आंध्राचा दगड, लोखंडाची भुकटी, बर्फ. एवढं जड जेवण झाल्यावर वर नारळ कुणाला जातो?"

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. घमेलं परत उचललं गेलं. सरांनी त्या थरावरची पातळ साय फावड्यानं काढून फेकायला लावली, दगड दिसेपर्यंत. नवी घट्ट भर घातली, आणि तिला नेहमीचा तेवढा थोडासाच व्हायब्रेटर, साकु. त्यानंतर भिंत वर जाईपर्यंत सर फळीवरून उतरले नाहीत. नळ त्या दिवशी पहिल्यांदा बेवारशी होता. तरी एकाही गाडीवाल्यानं पाइपला हात लावला नाही. माझ्या नवऱ्यानं तर नळाकडं पाठच केली होती.

संध्याकाळी नारळ फोडला. पहिलं भकल सरांनी मिस्त्रींना दिलं. मला देताना म्हणाले, "कोकण, तुमचा माल लई चिवट." कोकणाबद्दल का नारळाबद्दल, विचारायचं धाडस झालं नाही.

पुढं शटरिंगच्या फळ्या निघाल्या. भिंत पोटात एकही बुडबुडा न ठेवता उभी होती. मिस्त्री एकदा चहा पिताना मला म्हणाले, "ताई, सरांनी विळ्यावर टॉवेल टाकला व्हता ना, त्याच्या खालनं लाल चिंधी दिसत व्हती." मिस्त्री बशीत चहा ओतत राहिले. "फडकं त्यांनी कापलं, ह्ये म्या तवाच जानलं. पर वर तर तो आपल्या पायानं आला ना. कुनी हात धरून आनला न्हाय." एवढं बोलून ते बिस्किटाकडं वळले. सरांना कुणी सांगितलं, हे त्यांनी मला त्या दिवशी विचारलं नाही, आणि आजवर विचारलेलं नाही.

मशीन बसलं. ते पहिल्यांदा चालू करून बाहेर किरण येतो का तपासायला लांबून एक साहेब मीटर घेऊन आले. त्या दिवशी बिराजदार सर पहिल्यांदा दवाखान्याच्या दारातून आत आले. डोळे जवळजवळ मिटूनच, माझ्या मागोमाग. बायकांच्या बसायच्या जागेत येऊन त्यांनी भिंतीवर हात फिरवला, त्या मधल्या गजाची जागा शोधली, बरोबर तिथं स्टूल ओढलं आणि पाठ टेकवून बसले.

"सर, मशीन चालू होतंय," मी म्हणाले.

"होऊ द्या. मी क्युरिंगला बसलोय." टॉवेल तोंडावर.

आत मशीन घुमलं. साहेब मीटर धरून भिंतीच्या कडेनं फिरले. वर, खाली, कोपऱ्यात, दाराशी. सरांच्या डोक्याजवळ मीटर धरला तेव्हा घोरण्याचा आवाज येत होता. साहेबांनी माझ्याकडं बघून मान हलवली. चांगल्या अर्थानं. मलाही तिथं पाठ टेकवून बसावंसं वाटलं, पण स्टूल एकच होतं आणि त्यावर सर होते.

उठल्यावर सरांनी ट्रस्टच्या लोकांना सांगितलं, "इथं बाहेर नावं पुकारायला एक माणूस लागणार. या बाईंना ठेवा. लई घाबरट हायत. काय बी चुकीचं दिसलं की लगेच येऊन सांगतात." माझ्याबद्दल असं चांगलं कुणी कधी बोललं नव्हतं. नारळाबद्दल एक अक्षर नाही.

सर निघाले तेव्हा त्यांचा पुतण्या मोटरसायकल घेऊन आला होता. सरांनी पिशवीतून बराइटचा दगड काढला आणि माझ्या हातात ठेवला. माझा हात खाली गेला, तसा त्यांचा चेहरा नेहमीसारखा उजळला. काळी खडी त्यांनी आवारातच टाकून दिली. "कापूस," म्हणाले. मग मागं बसले, रिकामी पिशवी खांद्याला लावली आणि गाडी हायवेला लागली. जळकोटच्या वळणापर्यंत मी बघत होते. पिशवीत आता काहीच नव्हतं, तरी डावा खांदा तसाच उतरलेला होता. ट्रकांच्या रांगेत तो कललेला माणूस दिसेनासा झाला.

त्यानंतर सर इकडं आलेले नाहीत. दवाखाना आहे, कसे येतील? निरोप पाठवतात. "भिंत काय म्हणते?" मी सांगते, गप्प आहे. दगड माझ्या स्टुलाशेजारी खिडकीत असतो. वाट बघून कंटाळलेल्या बाया तो उचलून बघतात, त्यांचा हात खाली जातो, आणि एवढ्याशा दगडात एवढं वजन कसं यावरून त्या आपापसांत बोलायला लागतात. शेवटच्या दिवशी, किरणं पूर्ण झाली की, पुष्कळ जणी नारळ घेऊन येतात. तो मी घेते, डोळ्यांना लावते आणि भिंतीपासून लांब ठेवते.

मीही गावी गेले नाही बरेच दिवस. पण सर, हे तुमच्यापर्यंत कुणीतरी वाचून पोचवेल म्हणून लिहिते. या बाईकडून एक दिवस फेड घ्यायची आहे तुम्हाला. नवऱ्याच्या गाडीतून न्या म्हणाल तर मिक्सर धुऊन आणू. मी तुम्हाला वेंगुर्ल्याला नेणार, समुद्रासमोर तुमची खुर्ची मांडणार. माडाखाली मांडणार नाही, कारण आमचे नारळ खाली यायला शिकलेत, वर यायला फक्त तुमच्याकडं शिकले. ओला टॉवेल मी देईन, कुणाला हलवू देणार नाही. बघा तुम्ही, नळ कुणाच्या ताब्यात नसलेलं एवढं सगळं पाणी. आणि तुम्ही स्वतः 'साकु' म्हणेपर्यंत आपण तिथून उठायचं नाही.